जुना नळ निघत नाही? भिंत न फोडता, बेसिन न तडकवता काढायची रीत

नवा नळ बसवायला वीस मिनिटं लागतात. दिवस खातो तो जुना नळ. पंधरा-वीस वर्षं न्हाणीच्या ओलीत राहिलेला पितळी नळ, बेसिनखालचा चेक नट (नळ खालून आवळून धरणारा), भिंतीतला अँगल कॉक हे सगळे आपापल्या जागी एकजीव होऊन बसलेले असतात आणि पान्याला दाद देत नाहीत. मग पान्याच्या दांड्यात लोखंडी नळी घालून दोघं मिळून जोर करतात. काहीतरी फिरतंच. पण फिरला तो नळ की भिंतीतला एल्बो, म्हणजे पाइपच्या वळणाचा जोड, हे पाणी सोडल्यावर दोन दिवसांनी पलीकडच्या खोलीत ओल उमटली की समजतं. मग एका नळापायी टाइल्स फोडायची पाळी येते आणि वीस वर्षांपूर्वीच्या टाइल्सची तीच नक्षी आता कुठल्या दुकानात मिळत नाही.

म्हणून पाना हातात घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: भिंतीच्या आत काय आहे? जोर किती लावायचा, तेल मारायचं की नाही, गरम करायचं की नाही, ही सगळी उत्तरं त्यावर ठरतात.

भिंतीतला पाइप ओळखणं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या जुन्या घरांत भिंतीत बहुतेक जी.आय. म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप सापडतो. गेल्या वीसेक वर्षांत बांधलेल्या किंवा नव्यानं टाइल्स बसवलेल्या घरांत फिक्या पिवळसर रंगाचा सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचा पाइप असतो, आणि त्याच्या टोकाला पितळी आट्यांचा एल्बो. गच्चीवर जाऊन टाकीतून उतरणारा पाइप बघितला म्हणजे झालं, असं समजू नका. गच्चीवरचा गंजलेला भाग मागे कधीतरी बदलून तिथं सीपीव्हीसी जोडलेला असतो आणि भिंतीत मात्र जुनाच जी.आय. राहिलेला असतो.

खात्री नळापाशीच करायची. नळाच्या मुळाशी टाइलला टेकलेली चकचकीत थाळी, म्हणजे फ्लँज, पुढं सरकवा आणि आत टॉर्च मारा. आट्यांभोवती काळपट-तांबडा गंज दिसला आणि छोटं चुंबक चिकटलं तर जी.आय. पितळेचं कडं आणि त्याच्या बाहेर फिकं प्लास्टिक दिसलं तर सीपीव्हीसी. पितळेला चुंबक चिकटत नाही, त्यामुळं चुंबक नळाला नाही, आतल्या एल्बोच्या काठाला लावून बघा.

जी.आय. कणखर असतो पण आतून गंजून पातळ झालेला असू शकतो. सीपीव्हीसीत पितळेचं कडं प्लास्टिकमध्ये नुसतं बसवलेलं असतं. जास्त जोर लागला तर ते प्लास्टिकमधून सुटून जागेवरच फिरायला लागतं. एकदा ते फिरलं की तो एल्बो गेला.

कशानं धरलंय ते बघा

सगळ्या अडकलेल्या नळांवर एकच स्प्रे मारणं ही नेहमीची चूक. नळ धरून ठेवणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या असतात आणि प्रत्येकीला औषध वेगळं.

अथणी, रायबाग, चिकोडीकडं बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरांत नळावर पांढरा, खरखरीत थर दिसतो. तो क्षारांचा, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. त्या वरच्या टोकाकडचं पाणी असेल तर काही वर्षांत नटाच्या आट्यांत दगड भरल्यासारखं होतं. या थरावर तेलाचा काही उपयोग नाही. त्याला आम्ल लागतं. साधं पांढरं व्हिनेगर, किंवा अर्धा कप कोमट पाण्यात दोन चहाचे चमचे लिंबूसत्त्व विरघळवून केलेलं पाणी घ्या. सुती चिंधी त्यात भिजवून नटाभोवती गुंडाळा, वरून प्लास्टिकची पिशवी बांधा आणि दोन तास ठेवा. चिंधी लावताच बारीक बुडबुडे आले तर निदान बरोबर. थर जाड असेल तर रात्रभर ठेवा आणि मध्ये एकदा चिंधी पुन्हा भिजवा.

इथं एक सावधगिरी. आपल्याकडं न्हाणीत शहाबादी फरशी किंवा कडप्पा असतो. दोन्ही चुनखडकाचे दगड. आम्लाचा थेंब पडला की पांढरा डाग कायमचा. खाली प्लास्टिक पसरा. संडास धुवायचं ॲसिड तर अजिबात वापरू नका: ते क्रोमचा मुलामा खातं, पितळ खातं, आणि आधी तिथं ब्लीचिंग पावडर पडलेली असेल तर क्लोरिन वायू सुटतो. बंद न्हाणीत तो छातीत भरला तर जिवावर बेततं.

तांबडा-काळा गंज असेल तर मात्र तेल. डब्ल्यूडी-४० किंवा तशाच गंज सोडवणाऱ्या स्प्रेचा फवारा आट्यांच्या सांध्यावर मारा, पान्याच्या दांड्यानं नटावर चहूबाजूंनी पंधरा-वीस हलके ठोके द्या, पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा मारा. तेल आत शिरतं ते या ठोक्यांमुळं. गंजाला बारीक चिरा पडतात आणि त्यांतून तेल ओढलं जातं. नुसता स्प्रे मारून लगेच पाना लावणं म्हणजे स्प्रे वाया घालवणं. संध्याकाळी दोन-तीनदा मारून सकाळी काम धरलं तर निम्मी झटापट वाचते.

क्षार आणि गंज दोन्ही असतील तर आधी आम्ल, मग पाण्यानं धुऊन, पुसून तेल. उलटं केलं तर तेलाचा थर आम्लाला आत जाऊच देत नाही.

भिंतीत सीपीव्हीसी असेल तर हे स्प्रे, डिझेल, रॉकेल, थिनर काहीच लावू नका. पेट्रोलियम तेलांनी सीपीव्हीसीला ताणाच्या जागी बारीक तडे जातात, आणि ते त्याच दिवशी दिसत नाहीत. तिथं व्हिनेगर आणि गरम पाण्याची चिंधी एवढंच.

तिसरी गोष्ट, जुन्या प्लंबरकाम्याची सुतळी आणि सफेदा, म्हणजे सांधा बुजवायचा पांढरा लेप. आट्यांवर सुतळी गुंडाळून वर सफेदा चोपडायची पद्धत जी.आय.च्या काळात सगळीकडं होती. वीस वर्षांत तो सफेदा सिमेंटसारखा घट्ट होतो. त्याला ना आम्ल लागू, ना तेल, उष्णता लागते. हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारं यंत्र, असेल तर नळाच्या मुळाशी तीन-चार मिनिटं फिरवत गरम करा. नसेल तर उकळत्या पाण्यात बुडवलेली चिंधी चिमट्यानं पाच-सहा वेळा गुंडाळा. हीट गन फक्त जी.आय.वर, आणि तीही तेल मारायच्या आधी. तेल मारलेल्या जागी ज्योत किंवा हीट गन नेली तर ते पेट घेतं.

चौथं, एम-सील. गळती थांबवायला कुणीतरी सांध्यावर थापलेली असते. ती बारीक छिन्नीनं टवके काढत पूर्ण उतरवल्याशिवाय पाना लावू नका. गरम हवेनं ती नरम पडते आणि चाकूनं सोलता येते.

पाना लावण्याआधी

गीझरचं बटण नव्हे, बोर्डातला एमसीबी पाडा. पाणी बंद केल्यावर गीझर चालू राहिला आणि टाकी रिकामी झाली तर त्याचा एलिमेंट जळतो. जुन्या घरांत विजेचं अर्थिंग जी.आय. पाइपलाच जोडलेलं आढळतं, त्यामुळं नळाला एकदा टेस्टर लावून बघा.

मग पाणी. टाकीखालचा गेट वॉल्व्ह बरीच वर्षं फिरवलेला नसतो. तो हातानं जेवढा फिरेल तेवढाच फिरवा. पाना लावून त्याचा दांडा मोडला तर आज दोन कामं होतील. वॉल्व्ह पूर्ण बंद होत नसेल तर टाकी संपत आलेल्या दिवशीच काम काढा. न्हाणीत किंवा परसात पाणीपुरवठ्याची थेट लाइन असेल तर ज्या दिवशी पाणी येत नाही तो दिवस धरा. बेळगाव शहरात ज्या वॉर्डांत चोवीस तास पाणी आहे तिथं मीटरजवळचा वॉल्व्ह नीट बंद होतो का हे आदल्या दिवशीच तपासून ठेवा.

आणि अर्धा इंची दोन डमी प्लग आणून ठेवा. काम अर्धवट राहिलं तर नळाच्या जागी प्लग लावून घरातलं बाकीचं पाणी चालू करता येतं. जांबोटी, कणकुंबीकडच्या घरात राहत असाल तर हे फारच गरजेचं; एका प्लगसाठी खानापूर किंवा बेळगाव गाठताना घरात दिवसभर पाणी बंद.

हत्यारं एवढी पुरतात:

- १४ इंची पाइप पाना आणि १० इंची स्क्रू पाना
- बेसिन पाना (लांब दांड्याचा, वरच्या टोकाला फिरता जबडा असलेला)
- १० ते १३ मिलिमीटरचे नळीचे पाने, नव्या पद्धतीच्या मिक्सरसाठी
- हॅक्सॉची २४ दाती दोन पाती, अर्धा इंची छिन्नी, लहान हातोडी
- पितळी तारेचा ब्रश, टेफ्लॉन टेप, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा
- चष्मा, टॉर्च, बादली, जुनी चिंधी

दुकानात गेलात की नुसतं ‘नळ द्या’ म्हणू नका. बेसिनवर उभा राहतो तो पिलर कॉक, भिंतीतून येतो तो बिब कॉक, बेसिनखाली भिंतीत असतो तो अँगल कॉक. गोकाक, अथणीकडच्या दुकानात कन्नडमध्ये ‘नल्लि’ म्हटलं की लगेच समजतं, पण माप अर्धा इंची की पाऊण इंची ते मात्र सांगावंच लागतं. सुतात बोलणारा दुकानदार असेल तर अर्धा इंच म्हणजे चार सूत.

बेसिनखालचा चेक नट

पहिलं काम जोडणीची नळी सोडवणं. अँगल कॉक एका पान्यानं घट्ट धरून ठेवा आणि नळीचा नट दुसऱ्या पान्यानं फिरवा. एकाच पान्यानं ओढलं तर अख्खा अँगल कॉक भिंतीत फिरतो.

आता बेसिनखाली आडवं पडून वर बघा. दिशेचा घोळ इथं हमखास होतो आणि सोडायचा नट लोक आवळत बसतात. खालून वर बघताना नट घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवला की सुटतो. मनात गोंधळ झाला तर पाण्याची बाटली उलटी, टोपण खाली करून डोक्यावर धरा आणि टोपण उघडा. हात ज्या दिशेला वळला तीच दिशा.

व्हिनेगर किंवा तेलाचं काम आदल्या रात्री झालेलं असेल, असं धरून चालू. वर एका माणसाला नळ हातानं धरायला सांगा. बेसिन पान्याचा जबडा नटाच्या सपाट बाजूंवर पूर्ण बसवा. आता नट आधी किंचित आवळायचा. केसभर हलला तरी बास. त्या हालचालीनं गंजाची पकड तुटते. मग उलट फिरवा. पाव फेरा सुटला की पुन्हा थोडा आवळा, पुन्हा सोडा. असं मागं-पुढं करत नेलं तर आट्यांत अडकलेली गंजाची भुकटी बाहेर पडते. एकाच दमात सोडायला गेलं तर तीच भुकटी आट्यांत पाचरीसारखी बसते आणि नट अर्ध्यावर पुन्हा घट्ट होतो.

सिंगल लीव्हर मिक्सर (एकाच दांड्यानं गार-गरम पाणी सोडणारा नळ) असेल तर मोठा चेक नट नसतो. एक-दोन लांब स्टड, त्यावर घोड्याच्या नालाच्या आकाराचा वॉशर आणि छोटा नट असतो. वॉशर लोखंडी असल्यानं सगळ्यात आधी तोच गंजतो. नळीचा पाना खालून सरळ वर चढवा. नटाचे कोपरे झिजले असतील तर स्टडच हॅक्सॉच्या पात्यानं कापून टाका. जुना नळ पुन्हा वापरायचा नाही, मग स्टड वाचवायचं कारण नाही.

चेक नट तरीही ढिम्म असेल तर दोन वाटा. पहिली, नट कापणं. हॅक्सॉच्या पात्याचं एक टोक चिंधीनं गुंडाळून हातात धरा आणि नटाच्या एका सपाट बाजूवर, आट्यांच्या दांड्याला समांतर, उभा छेद घ्या. छेद आट्यांना लागतोय असं वाटलं की थांबा. छेदात छिन्नीचं टोक घालून पिळा; नट तडकून सैल होतो. हातोडी वापरायची झाली तर ठोका आडवा द्या, वर बेसिनच्या दिशेनं कधीच नको. चिनी मातीचं बेसिन वजन पेलतं, पण खालून बसलेल्या एका ठोक्यानं भोकापासून कडेपर्यंत तडा जातो.

दुसरी वाट बऱ्याच जणांना सुचत नाही आणि आमच्या मते जागा अडचणीची असेल तर तीच बरी: बेसिनच खाली उतरवा. भिंतीवरचं बेसिन दोन बोल्टांवर किंवा ब्रॅकेटांवर असतं आणि वजन साधारण दहा-बारा किलो. खालचा बॉटल ट्रॅप (सांडपाण्याचा बाटलीसारखा भाग) हातानं सोडवा, बेसिन आणि टाइल यांमधलं पांढरं सिमेंट किंवा सिलिकॉन चाकूनं कापा, बोल्टचे नट काढा आणि दोघांनी उचलून वाकळेवर उलटं ठेवा. जो नट खाली पडून दोन तासांत निघत नव्हता तो आता समोर, उजेडात, दोन्ही हातांच्या आवाक्यात येतो. वेस्ट कपलिंग, म्हणजे बेसिनच्या तळाचा सांडपाण्याचा जोड, तोही याच वेळी बदलून टाका. ३२ मिलिमीटरचं मिळतं.

भिंतीतला बिब कॉक आणि अँगल कॉक

इथं घाई केली की भिंत फुटते. आधी नळाच्या मुळाशी पितळ चाकूनं थोडं खरवडा. खाली पिवळं दिसलं तर पितळ धड आहे. तांबूस गुलाबी दिसलं तर त्यातलं जस्त निघून गेलेलं आहे; असा नळ पान्याखाली बिस्किटासारखा मोडतो आणि आटे भिंतीत राहतात. तसं असेल तर उष्णता आणि वाट बघणं यावरच भर द्या, दांडा लांब करू नका.

नळाच्या बुडाशी आणि टाइलवर पेन्सिलनं एक सलग रेघ मारा. नळ भिंतीपासून किती बाहेर आहे ते पट्टीनं मोजून लिहून ठेवा. पाइप पाना नळाच्या अंगावर, शक्य तितका भिंतीजवळ लावा. चोचीपाशी लावला तर नळ पिळवटतो. पान्याच्या जबड्याचं तोंड ज्या बाजूला उघडं असेल त्या बाजूला ओढायचं, म्हणजे जोर वाढेल तशी पकड वाढते.

पुन्हा तेच: आधी किंचित आवळा, मग सोडा. सीपीव्हीसी असेल तर आवळू नका, सरळ सोडा. झटके देऊ नका, जोर हळूहळू वाढवत न्या आणि दहा-पंधरा सेकंद धरून ठेवा. १४ इंची पान्याच्या टोकाला २० किलोचा जोर लावला तर आट्यांवर सुमारे ७० न्यूटन-मीटरचा पीळ पडतो. दांड्यात नळी घालून लांबी दुप्पट केली की तोच हात १४० चा पीळ देतो, आणि हाताला काहीच जास्त वाटत नाही. जी.आय.वर एक फुटापर्यंतची नळी चालेल. सीपीव्हीसीवर नळी घालायचीच नाही.

आता पेन्सिलच्या रेघेचं काम. अर्धा इंची पाइपच्या आट्यांना इंचाला १४ फेरे असतात, म्हणजे नळ पूर्ण एक फेरा फिरला की १.८ मिलिमीटर बाहेर यायलाच हवा. दोन फेऱ्यांनंतर पट्टी लावा: साडेतीन मिलिमीटर फरक दिसला तर नळच सुटतोय, निश्चिंत पुढं चला. फेरे होताहेत पण नळ जागचा बाहेर येत नाही, असं दिसलं तर तिथंच थांबा; आतलं पितळी कडं किंवा अख्खा एल्बो फिरतोय. यापुढं प्रत्येक फेरा नुकसान वाढवतो. तिथं एक टाइल नीट काढून एल्बो उघडा करणं हाच मार्ग. वाट बघितली तर ओल पसरून चार टाइल्स काढाव्या लागतील. खानापूरकडच्या जांभ्या दगडाच्या भिंतीत छिन्नी जपून चालवा. जांभा भुसभुशीत असतो आणि एल्बोभोवतीचा गारा सैल झाला तर नवा नळही डुलत राहतो.

भिंत फारच जुनी आणि पाइप गंजून पातळ झालेला वाटत असेल तर नळ न काढताही काम भागतं. नळाचा वरचा भाग, म्हणजे स्पिंडल, सोडवून फक्त तो बदलता येतो. जुना नमुना दुकानात घेऊन जा, त्याच मापाचा अर्ध्या फेऱ्यात बंद होणारा सिरॅमिक स्पिंडलही बऱ्याचदा मिळतो. स्पिंडल काढताना नळाचं अंग दुसऱ्या पान्यानं धरून ठेवायचं. मूठच निघत नसेल तर वरचं लाल-निळं बटण चाकूनं उचकटा, खालचा स्क्रू बघा. त्याची खाच गेली असेल तर रबर बँड मध्ये ठेवून पेचकस दाबून फिरवा, तरीही नाही तर एक सूत जाडीच्या बिटानं त्याचं डोकं ड्रिल करून उडवा.

वॉल मिक्सरचे दोन मोठे नट काढताना त्यांच्यावर सायकलची ट्यूब गुंडाळून स्क्रू पाना लावा आणि दोन्ही नट आलटून पालटून थोडे थोडे सोडा. एकच पूर्ण सोडला तर मिक्सरचं वजन दुसऱ्या पायावर येतं आणि भिंतीतला आटा वाकतो.

आटे भिंतीत तुटून राहिले तर

घाबरू नका, हे निघतं. हात मात्र सावकाश चालवायला हवा. आतलं पाणी चिंधीनं टिपून घ्या. अर्धा इंची पाइपसाठी मिळणारा तुटका आटा काढायचा एक्स्ट्रॅक्टर आत हलका ठोकून बसवा आणि पान्यानं उलट फिरवा. चारपैकी तीन वेळा एवढ्यानं भागतं.

नाही निघालं तर हॅक्सॉचं पातं. दाते बाहेरच्या बाजूला ठेवून पातं तुटक्या आट्याच्या पोकळीत घाला आणि आतून, आट्याच्या लांबीत, एक खाच पाडा. लांब झटके नकोत, बोटाएवढे छोटे फटके. पहिली खाच झाली की तिच्यापासून आठ-दहा मिलिमीटरवर दुसरी. दोन खाचांमधली पट्टी बारीक छिन्नीनं आत, पोकळीकडं वाकवली की उरलेलं कडं सैल पडतं आणि पक्कडीनं बाहेर येतं.

पातं किती खोल गेलं हे भुग्यावरून कळतं. टॉर्च लावून एल्बोच्या काठावर पडणारा भुगा बघत राहा. पिवळा भुगा म्हणजे पितळ, चालू द्या. त्यात करडा, काळसर कण दिसायला लागला की पातं जी.आय. एल्बोला लागलंय, थांबा. एल्बोच्या आट्यांवर अगदी हलका ओरखडा टेफ्लॉन झाकून घेतो, खोल खाच घेत नाही. सीपीव्हीसीत कडंही पितळेचंच, त्यामुळं भुगा दोन्हीकडं पिवळा. तिथं पातं वापरायचंच झालं तर चार-पाच फटके, मग छिन्नीनं चाचपणी, पुन्हा चार फटके, असं जा.

नवा नळ लावण्याआधी

एल्बोच्या आट्यांतला गंज, सुतळीचे तंतू, क्षार तारेच्या ब्रशनं पूर्ण काढा. मग नवा नळ टेफ्लॉनशिवाय हातानं फिरवून बघा. तीन-चार फेरे सहज जायला हवेत. पहिल्याच फेऱ्यात अडला तर आटा तिरका धरलाय किंवा आत काहीतरी राहिलंय. जोर करून घुसवू नका. नंतर क्षणभर पाणी सोडून पाइपमधला गाळ बादलीत वाहू द्या, नाहीतर तो नव्या नळाच्या सिरॅमिक चकतीत अडकून पहिल्याच दिवशी थेंब पडायला लागतो.

टेफ्लॉन गुंडाळताना आट्याचं तोंड आपल्याकडं करून घड्याळाच्या दिशेनं गुंडाळा. जाड टेपचे सहा-आठ वेढे, बाजारात मिळणाऱ्या पातळ टेपचे बारा-पंधरा. पहिला आटा मोकळा सोडा. सीपीव्हीसीत सुतळी-सफेदा नको आणि हातानं घट्ट झाल्यावर पान्यानं एक, फार तर दीड फेरा. नळाची चोच सरळ खाली यावी म्हणून मागं फिरवू नका. टेप फाटते आणि सांधा गळतो. चोच पुढं गेलीच तर नळ काढून नवी टेप लावून पुन्हा बसवा. जोडणीच्या नळीच्या नटाला टेफ्लॉन लावू नका, तिथं आतला रबरी वॉशरच पाणी अडवतो.

पाणी हळूहळू सोडा. सांध्याभोवती वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा गुंडाळून अर्धा तास ठेवा; बोटाला न जाणवणारी ओल कागदावर डाग होऊन दिसते. फ्लँज आणि बेसिनच्या कडेचं पांढरं सिमेंट त्याच दिवशी भरू नका. एक रात्र जाऊ द्या, सकाळी टाकी पूर्ण भरल्यावर, दाब जास्त असताना, कागद पुन्हा लावा आणि कोरडा निघाला की मगच भरा. गीझरचा एमसीबी गरम नळातून सलग धार यायला लागल्यावरच चढवायचा.